उणे ३ मोठी की उणे ७? रोजच्या व्यवहारात धन-ऋण संख्यांची तुलना कशी करायची

संख्यारेषेवर जी संख्या उजवीकडे, ती मोठी. धन असो, ऋण असो की शून्य, तुलनेला एवढा एकच नियम पुरतो. मी शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवते आणि माझ्या वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकाला हा नियम पाठ असतो. तरीही "उणे २० अंश आणि उणे ५ अंश, यांत जास्त तापमान कुठलं?" असं विचारलं की कितीतरी मुलं छातीठोकपणे "उणे २०" म्हणतात. का, असं विचारलं तर उत्तर तयार असतं: "बाई, थंडी जास्त ना!"

हे उत्तर मला मनापासून आवडतं, कारण थंडी खरोखरच जास्त आहे. मुलाने परिस्थिती अचूक ओळखलेली असते. मी तापमान विचारलं आणि त्याने थंडी सांगितली, एवढाच फरक. तापमान वाढलं की थंडी कमी होते. दोन्ही एकाच रेषेवर पण उलट दिशांनी चालतात. मोठ्या माणसांचीही गडबड नेमकी इथेच होते. फ्रीझरवरच्या आकड्यापासून ते विकासदराच्या बातमीपर्यंत सगळीकडे होते. म्हणून मी मुलांना तुलना शिकवताना आधी प्रश्न ओळखायला शिकवते आणि चिन्हांकडे नंतर वळते.

दोन प्रश्न, दोन उत्तरं

दोन संख्या समोर आल्या की त्यांच्याबद्दल दोन वेगळे प्रश्न विचारता येतात. कुठली मोठी? आणि शून्यापासून कुठली जास्त लांब? धन संख्यांपुरतं दोन्हीचं उत्तर एकच येतं: ९ ही ४ पेक्षा मोठी आणि शून्यापासून लांबही. मूल पहिली काही वर्षं फक्त धन संख्यांतच वावरतं, त्यामुळे हे दोन निराळे प्रश्न आहेत हे त्याला जाणवायचं कारणच नसतं. शून्याच्या डावीकडे पाऊल टाकलं की दोन्ही वाटा फुटतात. −९ ही −४ पेक्षा शून्यापासून लांब आहे, पण लहान आहे. शून्यापासूनच्या या अंतराला गणितात केवल मूल्य म्हणतात. −९ चं केवल मूल्य ९, आणि +९ चंही ९.

रोजच्या बोलण्यात आपण बहुतेक वेळा केवल मूल्यच सांगत असतो आणि दिशा शब्दात घालतो. कर्ज, तोटा, खोली, घसरण, उशीर, थंडी, या प्रत्येक शब्दाच्या पोटात उणे चिन्ह आधीच बसलेलं आहे. म्हणून "खोली ९ मीटर" हे बरोबर, "समुद्रसपाटीपासूनची उंची −९ मीटर" हेही बरोबर. पण "खोली −९ मीटर" लिहिलं तर दोनदा उलटं झालं. हिशेबाच्या तक्त्यात "तोटा: −५०००" असं दिसलं की मी थांबते. लिहिणाऱ्याला ५००० चा तोटा सांगायचाय की ५००० चा नफा, हे त्या ओळीवरून ठरवता येत नाही. तुलना करण्याआधी आकड्याशेजारचा शब्द वाचायची सवय लावून घ्या. अर्धं काम तिथेच होतं.

मग पुढचं काम असं. शून्य कुठे मानलंय ते शोधा. उजवीकडे गेलं की नेमकं काय वाढतं, ते एका शब्दात सांगा. दोन्ही संख्या रेषेवर ठेवा आणि मोठी ठरवा. आणि सगळ्यात शेवटी ते उत्तर पुन्हा प्रश्नाच्या भाषेत आणा: जास्त गरम, जास्त वर, जास्त शिल्लक, नंतरचं. ही शेवटची पायरी लोक गाळतात आणि गणित बरोबर येऊनही निष्कर्ष उलटा काढतात.

पण −३ ही −७ पेक्षा मोठी का?

नियम आहे म्हणून, असं सांगून मी कधीच सोडत नाही. विचारणाऱ्याला कारण मिळायला हवं. दोन खाती घ्या. एकात शिल्लक −२००, दुसऱ्यात −१५००. दोन्ही खात्यांत प्रत्येकी १५०० भरा. पहिल्यात १३०० झाले, दुसऱ्यात शून्य. १३०० हे शून्यापेक्षा मोठे, याबद्दल कुणाचंच दुमत नाही. दोघांना सारखंच दिलं, म्हणजे कोण पुढे कोण मागे हे बदललेलं नाही. तेव्हा आधीही −२०० हेच मोठे होते. दोन्ही बाजूंना सारखी संख्या मिळवली तर क्रम बदलत नाही, एवढ्या एका गोष्टीवर सगळी तुलना उभी आहे. −३ आणि −७ यांत प्रत्येकी ७ मिळवा: ४ आणि ०. झालं.

याच उदाहरणात ज्याच्या खात्यात नेमकं शून्य आहे, तो दोघांच्याही पुढे आहे. मुलांना हे पचायला वेळ लागतो. शून्य म्हणजे काहीच नाही, ते सगळ्यांत लहान, असं त्यांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. कुठलीही ऋण संख्या शून्यापेक्षा लहान आणि कुठलीही धन संख्या शून्यापेक्षा मोठी. म्हणून एक धन आणि एक ऋण असेल तर आकडे बघायचीसुद्धा गरज नसते. ०.००१ ही −१०,००,००० पेक्षा मोठी आहे.

इथे एक कळकळीची विनंती. "उणे असलं की उलटं करायचं" हा जो झटपट मंत्र मुलांना दिला जातो, तो देऊ नका. दोन्ही संख्या ऋण असतील तेव्हा तो चालतो. पण मूल तो −८ आणि ५ लाही लावतं: ८ मोठा, उलटं केलं, म्हणून ५ मोठा. उत्तर योगायोगाने बरोबर आलं! पुढे −२ आणि ५ आले की तोच मंत्र −२ ला मोठं ठरवतो, आणि आपलं काय चुकलं हे त्या मुलाला कळत नाही. रेषा काढायला लावा. रेषा कधी फसवत नाही.

हे अवघड वाटणं साहजिक आहे, हेही मुलांना सांगते. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नियम मांडले. त्यानंतर हजार वर्षांनी, सतराव्या शतकात, फ्रान्समधला आंत्वान आर्नो हा विद्वान अडून बसला होता: −१ ही १ पेक्षा लहान असेल, तर −१ चं १ शी जे गुणोत्तर तेच १ चं −१ शी, हे कसं शक्य आहे? लहानाचं मोठ्याशी आणि मोठ्याचं लहानाशी नातं एकच? प्रश्न चांगलाच बोचरा आहे. धन संख्यांच्या गुणोत्तरांना लागू पडणारी समजूत आर्नो ऋण संख्यांनाही लावत होता. गुणोत्तर दोन्हीकडे −१ च येतं आणि क्रम मात्र रेषेवरच्या जागेने ठरतो. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. त्याच शतकात, १६८५ मध्ये, इंग्लंडच्या जॉन वॉलिसने सरळ रेषेवर चालणारा माणूस डोळ्यांपुढे आणला: पाच यार्ड पुढे गेला, आठ यार्ड मागे आला, तर निघाल्या जागेपासून तो −३ यार्डांवर आहे. आजही मी वर्गात फरशीवर खडूने रेषा काढून मुलांना चालायलाच लावते.

तापमान: इथे सगळं शिकून घ्या

ऋण संख्या समजून घ्यायला तापमानासारखं दुसरं क्षेत्र नाही, म्हणून मी इथे जास्त वेळ थांबते.

सेल्सिअस मापनातलं शून्य म्हणजे पाणी गोठण्याचा बिंदू, आणि उजवीकडे उष्णता वाढते. पण हे कुणीतरी ठरवलेलं आहे. स्वीडनच्या आंदेर्स सेल्सिअसने १७४२ मध्ये मांडलेलं मूळ मापन बरोबर उलटं होतं: पाणी उकळण्याचा बिंदू ० आणि गोठण्याचा १००. त्या मापनात मोठी संख्या म्हणजे जास्त थंड. पुढे ते उलटवलं गेलं. तेव्हा 'मोठी' संख्या म्हणजे 'जास्त' काय, हे प्रत्येक मापनाला नव्याने विचारावं लागतं.

आता एक खरा उपयोग. पारा साधारण −३९ अंश सेल्सिअसला गोठतो, इथेनॉल म्हणजे अल्कोहोल साधारण −११४ ला. अंटार्क्टिकावरच्या व्होस्तोक केंद्रावर २१ जुलै १९८३ रोजी −८९.२ अंश तापमान नोंदलं गेलं. तिथे पाऱ्याचा तापमापक चालेल का? पदार्थ द्रवरूप राहायचा तर बाहेरचं तापमान त्याच्या गोठणबिंदूपेक्षा मोठं हवं. −८९.२ आणि −३९ यांत −८९.२ डावीकडे, म्हणजे लहान. पारा गोठून दगड होणार. −८९.२ आणि −११४ यांत −८९.२ उजवीकडे, अल्कोहोल द्रवच राहणार. दोन तुलना केल्या आणि कुठला तापमापक न्यायचा ते ठरलं. याच पद्धतीने द्रवरूप हवेचं बघा. नायट्रोजन −१९६ ला उकळतो, ऑक्सिजन −१८३ ला. अतिथंड द्रव हवा हळूहळू तापवत नेली तर रेषेवर डावीकडून उजवीकडे जाताना आधी −१९६ लागतं, म्हणून आधी नायट्रोजन निघून जातो. हवेतून हे दोन वायू वेगळे करण्याचं तंत्र याच क्रमावर चालतं.

घरातला फ्रीझर घ्या. गोठवलेल्या वस्तूंसाठी −१८ अंश किंवा त्याहून थंड ठेवा, असं सांगितलेलं असतं. पडद्यावर −१५ दिसतंय. चालेल का? १५ हा १८ पेक्षा लहान, म्हणजे मर्यादेच्या आत, असं वाटून माणूस निश्चिंत होतो. −१५ ही −१८ पेक्षा मोठी, म्हणजे आतली हवा हवी त्यापेक्षा गरम आहे. सूचना लिहिणाऱ्यांना माझं सांगणं असं, की "−१८ पेक्षा जास्त नको" असं लिहू नका, "−१८ पेक्षा गरम नको" असं लिहा. वाचणाऱ्याला मग कुठलीच रेषा काढावी लागत नाही.

औषधांच्या खोक्यावर साठवणुकीचा पल्ला असतो, समजा "−२५ ते −१५". पल्ल्यात लहान टोक आधी येतं आणि इथे लहान टोक −२५ आहे. −२० आत, −१२ बाहेर कारण गरम, −३० बाहेर कारण थंड. हाच पल्ला कुणी "−१५ ते −२५" असा लिहिला तर वाचणारा समजून घेतो; संगणक घेत नाही. "−१५ पेक्षा मोठी आणि −२५ पेक्षा लहान" अशी अट घातली तर ती पूर्ण करणारी संख्या जगात नाही, आणि तक्त्यातली प्रत्येक नोंद चुकीची ठरते.

दोन तापमानांतला फरक विचारला तर मोठ्यातून लहान वजा करायचं. सकाळी −७, दुपारी ५: फरक ५ − (−७) = १२. शून्याच्या डावीकडचे सात आणि उजवीकडचे पाच, मिळून बारा पावलं.

एककांकडेही लक्ष असू द्या. ५ अंश फॅरनहाइट आणि −१० अंश सेल्सिअस यांत गरम कोण? चिन्ह बघून ५ म्हणाल तर फसाल. ५ अंश फॅरनहाइट म्हणजे −१५ अंश सेल्सिअस, म्हणजे तेच जास्त थंड. दोन्ही मापनांची शून्यं वेगळ्या ठिकाणी आहेत, तेव्हा आधी एका मापनात आणा, मग तुलना करा. फक्त −४० वर दोन्ही मापनं एकच आकडा दाखवतात.

आणि "−२० म्हणजे −१० च्या दुप्पट थंड" असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका. −१० ची दुप्पट −२० होते खरी, पण सेल्सिअसचं शून्य माणसाने निवडलेलं आहे, तिथे उष्णता संपत नाही. ती संपते −२७३.१५ ला. पटींची भाषा त्या शून्यापासून मोजूनच करता येते.

उंची आणि खोली

इथे शून्य म्हणजे समुद्रसपाटी. मृत समुद्राचा काठ साधारण −४३० मीटरवर, अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीतला सर्वांत सखल भाग साधारण −८६ वर आणि कास्पियन समुद्राची पातळी साधारण −२८ वर आहे. यांत सर्वांत उंच कोण? कास्पियन. सर्वांत खोल? मृत समुद्र. दोन प्रश्न, दोन उत्तरं, तेच पुन्हा. एव्हरेस्ट ८,८४८.८६ मीटर आणि मारियाना गर्तेचा तळ साधारण −१०,९०० मीटर. संख्या म्हणून एव्हरेस्ट मोठी. समुद्रसपाटीपासूनच्या अंतरात गर्ता सुमारे दोन किलोमीटरांनी पुढे. लिफ्टमधले −१ आणि −२ हेही याच जातीचे: −१ वरचा मजला, −२ खालचा.

गुणतक्ते आणि दशांश

फुटबॉलच्या गुणतक्त्यात दोन संघांचे गुण सारखे झाले की बऱ्याच स्पर्धांत गोलफरक बघतात. −३ वाला संघ −८ वाल्याच्या वर. क्रिकेटमध्ये नेट रन रेट असतो आणि तिथे दशांशामुळे दुहेरी सापळा लागतो. −०.१२५ आणि −०.५ यांत वर कोण? १२५ मोठे, म्हणून −०.१२५ जास्त वाईट, असा हिशेब मी मोठमोठ्या क्रिकेटप्रेमींकडून ऐकलाय. दशांश स्थळं आधी सारखी करा: −०.१२५ आणि −०.५००. आता −०.१२५ शून्याच्या जवळ, उजवीकडे, म्हणून वर. अपूर्णांकांनाही हेच: −३/४ आणि −२/३ असतील तर छेद सारखे करून −९/१२ आणि −८/१२ लिहा, मोठी −८/१२, म्हणजे −२/३.

गोल्फमध्ये मात्र सगळं उलटं. तिथे शून्य म्हणजे ठरवून दिलेल्या फटक्यांची संख्या, आणि कमी फटक्यांत खेळ संपवणारा जिंकतो. −६ वाला −२ वाल्याला हरवतो. मोठी संख्या −२ च आहे. फक्त या खेळात लहान संख्या जिंकते. मोठं म्हणजे चांगलं, ही समजूत संख्यांच्या गावी नाही. ती आपण बाहेरून आणतो.

चष्मा: जिथे क्रम लावूच नये

चष्म्याच्या नंबराबद्दल मला नेहमी विचारलं जातं. −४ आणि −२ यांत मोठा नंबर कुठला? संख्या म्हणून −२ मोठी. पण "नंबर वाढला" असं आपण −२ वरून −४ झाल्यावर म्हणतो, आणि या ठिकाणी लोकांचंच बरोबर आहे. चष्म्यात चिन्ह भिंगाचा प्रकार सांगतं: उणे म्हणजे दूरचं अंधुक दिसणाऱ्यासाठी अंतर्गोल, अधिक म्हणजे बहिर्गोल. भिंगाची ताकद सांगतं ते केवल मूल्य. १ भागिले केवल मूल्य केलं तर मीटरमध्ये अंतर मिळतं: −२ च्या डोळ्याला चष्म्याशिवाय साधारण ५० सेंटिमीटरपर्यंत स्वच्छ दिसतं, −४ ला साधारण २५ पर्यंत. म्हणून −२ वाल्यापेक्षा −४ वाल्याचं भिंग जोरकस. +१ आणि −३ यांत मोठी कोण, याचं गणिती उत्तर आहे, पण डोळ्यांच्या दृष्टीने त्याला अर्थ नाही. चिन्ह प्रकार सांगतंय की जागा, हे ओळखता आलं की बऱ्याच शंका मिटतात.

शून्य म्हणजे 'काहीच नाही' असंही नव्हे

मोबाइलच्या सेटिंगमध्ये सिग्नलची तीव्रता डीबीएममध्ये दिसते: −७०, −१००. इथे शून्य म्हणजे एक मिलिवॉट शक्ती, सिग्नल नसणं नव्हे. उजवीकडे शक्ती वाढते, तेव्हा −७० चा सिग्नल −१०० पेक्षा चांगला. किती चांगला? दर १० ला दहापट, म्हणून ३० च्या फरकात हजारपट. घरात कुठे उभं राहून बोलायचं हे ठरवताना शून्याच्या जवळचा आकडा शोधा.

आकाशात बरोबर उलटी दिशा आहे. ताऱ्यांची प्रत, म्हणजे तेज सांगणारा आकडा, जितकी लहान, तितका तारा तेजस्वी. व्याधाची प्रत −१.४६, अगस्त्याची −०.७४, म्हणून व्याध जास्त तेजस्वी. स्वाती −०.०५ आणि अभिजित +०.०३, म्हणजे शून्याच्या दोन बाजूंना, आणि स्वाती किंचित सरस. पौर्णिमेचा चंद्र साधारण −१२.७, सूर्य −२६.७. प्रतीत पाचचा फरक म्हणजे तेजात शंभरपट. त्या हिशेबाने सूर्य पूर्ण चंद्राच्या साधारण चार लाखपट तेजस्वी. सिग्नल आणि तारे ही दोन उदाहरणं मी मुद्दाम लागोपाठ शिकवते. दोन्हीकडे ऋण संख्या, तुलनेचा नियम एकच, आणि अर्थ मात्र एकमेकांच्या विरुद्ध.

काळ

प्रमाणवेळा जागतिक प्रमाणवेळेला (यूटीसी) शून्य मानून अधिक-उणे तासांत लिहितात. मोठ्या संख्येचं घड्याळ पुढे: −३ च्या प्रदेशात दुपारचे १२ वाजले असतील तर −८ च्या प्रदेशात सकाळचे ७. नवा दिवस आधी उगवतो तो मोठ्या संख्येकडे. पॅसिफिक महासागरात किरिबातीची लाइन बेटं +१४ वर आणि अमेरिकन सामोआ −११ वर आहे, म्हणजे घड्याळांत तब्बल २५ तासांचं अंतर.

इसवीसनपूर्व सालांना उणे समजून क्रम लावता येतो: इ.स.पू. ३०० हे इ.स.पू. १०० च्या आधीचं. पण वजाबाकी करताना सांभाळा, कारण इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, मध्ये शून्य साल नाही. रोमचा सम्राट ऑगस्टस इ.स.पू. ६३ मध्ये जन्मला आणि इ.स. १४ मध्ये वारला. १४ − (−६३) = ७७ असं सरळ केलं तर एक वर्ष जास्त धरलं जातं. ७६ धरायचं, त्यातही त्याचा मृत्यू वाढदिवसाच्या महिनाभर आधी झाला, म्हणून वय ७५. खगोलशास्त्रज्ञ इ.स.पू. १ ला ० आणि इ.स.पू. ६३ ला −६२ मानतात, ते याच अडचणीसाठी.

नफा, तोटा आणि टक्के

इथे सगळ्यांत जास्त फसगत होते, म्हणून सावकाश वाचा.

एका धंद्याचा नफा गेल्या वर्षी −८ लाख, यंदा −३ लाख. −३ ही −८ पेक्षा मोठी, म्हणजे नफा ५ लाखांनी वाढला; तोटा ५ लाखांनी घटला. दोन्ही वाक्यं खरी. धंदा अजून तोट्यात आहे, हेही खरं. आता नेहमीच्या सूत्राने टक्के काढा: ५ भागिले −८, म्हणजे −६२.५ टक्के. सूत्र सांगतंय नफा घटला! मूळ आकडा ऋण असेल तर टक्केवारीतली वाढ काढूच नका. "−८ वरून −३" असं सरळ लिहा.

विकासदराच्या बातमीत वेगळा घोळ होतो. दर −५ टक्क्यांवरून −२ टक्क्यांवर आला. दर वाढला, कारण −२ मोठी. पण मूळ उत्पादन १०० असेल तर ते ९५ झालं आणि पुढे ९३.१. दर वाढतोय आणि उत्पादन अजून घटतंच आहे. "परिस्थिती सुधारली" आणि "घसरण मंदावली" यांत फार मोठा फरक आहे, आणि तो बातमी लिहिणाऱ्याने दाखवायलाच हवा.

किंमतसुद्धा ऋण होऊ शकते. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेतल्या डब्ल्यूटीआय नावाच्या कच्च्या तेलाच्या मे महिन्याच्या वायद्याचा (म्हणजे त्या महिन्यात माल घ्यायच्या कराराचा) बंद भाव पिंपाला −३७.६३ डॉलर होता. त्याआधीच्या व्यवहाराच्या दिवशी तो १८.२७ होता. घसरण १८.२७ − (−३७.६३) = ५५.९० डॉलर. साठवायला जागा उरली नव्हती आणि वायद्याची मुदत संपत आली होती, म्हणून तेल घेऊन जाणाऱ्याला विकणाऱ्यानेच पैसे द्यायची वेळ आली. विकणाऱ्याच्या दृष्टीने −३७ पेक्षा −१० बरी आणि −१० पेक्षा फुकट बरं.

हिशेबाच्या कागदावर (५००) असं कंसात दिसलं तर ते बहुतेक वेळा −५०० असतं. आणि संगणकावरच्या तक्त्यात −१०, −२, −३० असा चढता क्रम लागलेला दिसला, तर संगणकाने त्या संख्या मजकूर म्हणून वाचल्यात हे ओळखा. खरा चढता क्रम −३०, −१०, −२.

सरावाला ही यादी चढत्या क्रमाने लावा: ३, −०.४, −१२, ०, −०.३५, −२½. उत्तर −१२, −२½, −०.४, −०.३५, ०, ३. आता हीच यादी केवल मूल्याने लहानाकडून मोठ्याकडे लावा: ०, −०.३५, −०.४, −२½, ३, −१२. घरी मुलाला शिकवत असाल तर दोन्ही याद्या शेजारी शेजारी लिहायला सांगा आणि प्रत्येक यादीला साजेसा एक एक प्रश्न त्यालाच तयार करू द्या. पहिलीला "कुठे जास्त गरम?" आणि दुसरीला "शून्यापासून कोण जास्त सरकलं?" असे प्रश्न त्याने आपणहून जोडले, की पुढच्या धड्याला, म्हणजे ऋण संख्येने गुणल्यावर क्रम का उलटतो त्याला, खुशाल हात घाला.